जुन्या बातम्यांवर झालेला तह

शाळेच्या इतिहासात एक वाक्य येते : इ.स. १७६३ मध्ये पॅरिसचा तह झाला आणि सप्तवार्षिक युद्ध संपले. वाक्य बरोबर आहे आणि परीक्षेपुरते ते पुरतेही. पण या तहाचे अकरावे कलम मुळातून वाचले, तर दक्षिण हिंदुस्थानच्या इतिहासाची थोडीफार ओळख असलेला कोणीही शिक्षक चमकेल. त्या कलमात म्हटले आहे, की कोरोमंडल व ओरिसाच्या किनाऱ्यावर पुढे शांतता नांदावी यासाठी इंग्रज व फ्रेंच हे दोघेही महंमद अलीखान यास कर्नाटकचा कायदेशीर नबाब आणि सलाबतजंग यास दक्षिणेचा कायदेशीर सुभेदार मानतील.

तहावर सह्या झाल्या १० फेब्रुवारी १७६३ रोजी. त्या दिवशी हे 'कायदेशीर सुभेदार' बीदरच्या किल्ल्यात कैदेत होते. जुलै १७६२ मध्येच धाकटा भाऊ निजाम अली याने त्यांना पदच्युत केले होते. दख्खनचा निजाम आता कोण आहे, हे पुण्याच्या फडातल्या कारकुनालाही ठाऊक होते. नोव्हेंबर १७६२ मध्ये आळेगावला माधवराव पेशव्यांना चुलत्यापुढे, म्हणजे राघोबादादांपुढे, नमते घ्यावे लागले. तेव्हा दादांच्या पाठीशी मदत होती ती निजाम अलीची. सलाबतजंगाला कोणी विचारतही नव्हते. आणि त्याच नोव्हेंबरात फ्रान्समध्ये या तहाच्या प्राथमिक मसुद्यावर सह्या होत होत्या.

मग पॅरिसमध्ये बसलेली माणसे अडाणी होती काय? मुळीच नाही. मुरलेले मुत्सद्दी होते ते. या कोड्याच्या मागे लागून आम्ही एकदा तहाची कलमे समोर ठेवली आणि प्रत्येक ठिकाणापुढे दोन तारखा लिहीत गेलो. पहिली, तिथे घटना घडली ती. दुसरी, तिची बातमी लंडनला किंवा पॅरिसला पोचली ती. वर्गात करून पाहण्याजोगा हा उद्योग आहे. या दोन तारखांमधले अंतर भरत गेले, की तहाची भाषा उलगडू लागते.

हे युद्ध १७५६ मध्ये सुरू झाले. एका बाजूला इंग्लंड व प्रशिया, दुसऱ्या बाजूला फ्रान्स, ऑस्ट्रिया, रशिया आणि अखेरीस स्पेन. युरोपच्या भूमीवरील लढाईचा हिशेब ह्युबर्टसबर्ग येथे १५ फेब्रुवारी १७६३ रोजी वेगळा मिटला. इतका रक्तपात होऊनही तिथल्या सीमा बहुतेक पूर्वी होत्या तिथेच राहिल्या. इंग्लंड-फ्रान्सचे भांडण मात्र चार खंडांत पसरले होते. कॅनडा, वेस्ट इंडीज, पश्चिम आफ्रिका, बंगाल, कर्नाटक. १७६० पर्यंत फ्रान्स जवळजवळ सगळीकडे हरला होता. पण जिंकणाऱ्यालाही जिंकणे परवडत नव्हते. इंग्लंडचे राष्ट्रीय कर्ज युद्धाच्या काळात सुमारे साडेसात कोटी पौंडांवरून तेरा कोटी पौंडांच्या पलीकडे गेले.

बोलणी प्रथम सुरू झाली १७६१ च्या वसंतात. फ्रान्सचा कारभारी होता श्वाझलचा ड्यूक, इंग्लंडचा विल्यम पिट. इंग्लंडने हान्स स्टॅन्ली याला पॅरिसला पाठवले, फ्रान्सने बुसी नावाच्या वकिलाला लंडनला. (सलाबतजंगाला गादीवर बसवणारा, आपल्या इतिहासात येणारा बुसी तो हा नव्हे. नामसाम्यामुळे घोटाळा होतो, आमचाही झाला होता.) श्वाझलने मार्चमध्ये मांडलेली सूचना अशी होती, की ज्याच्या हाती जे असेल ते त्याच्याकडे राहावे आणि मग अदलाबदलीचे बोलावे. पण 'हाती असेल' म्हणजे केव्हा? त्याने तीन निरनिराळ्या तारखा सुचवल्या. युरोपसाठी १ मे, वेस्ट इंडीज व आफ्रिकेसाठी १ जुलै, आणि पूर्वेकडील मुलखासाठी १ सप्टेंबर.

या तीन तारखा फळ्यावर लिहून विद्यार्थ्यांना विचारावे, की असे का? एकच तारीख का नको? शिडाच्या जहाजाला लंडनहून आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून मद्रासला पोचायला सहा महिने सहज लागत. पत्राचे उत्तर वर्षाने आले तर नवल नव्हते. 'लढाई थांबवा' हा हुकूम सगळीकडे एका दिवशी पोचणे शक्यच नव्हते. म्हणून शांतताही टप्प्याटप्प्याने, अंतराच्या प्रमाणात पसरणार होती. पण यात एक मेख होती. तारखा पुढच्या होत्या. त्या उजाडेपर्यंत कोठे काय होईल हे कोणालाच माहीत नव्हते, आणि उजाडल्यावर काय झाले तेही कित्येक महिने कळणार नव्हते. दोन्ही पक्ष एका अर्थाने पैज लावत होते. पिटने उत्तर देण्यात वेळ काढला, कारण फ्रान्सच्या किनाऱ्यालगतचे बेल-ईल हे बेट पडण्याची तो वाट पाहत होता. जूनमध्ये ते पडले. जुलैत, वाटाघाटी चालू असतानाच, लंडनला आणखी एक बातमी आली : पाँडिचेरी पडले. ते पडले होते जानेवारीतच. म्हणजे श्वाझलने मार्चमध्ये सूचना मांडली तेव्हा हिंदुस्थानातले फ्रेंचांचे मुख्य ठाणे दोन महिन्यांपूर्वीच गेलेले होते, आणि हे त्याला ठाऊक नव्हते.

ही पहिली बोलणी सप्टेंबरात फिसकटली. फ्रान्सने दरम्यान स्पेनच्या राजाशी, तोही बूर्बाँ घराण्यातलाच, ऑगस्टमध्ये करार केला होता. स्पेनवर ताबडतोब तुटून पडावे असे पिटचे म्हणणे होते. मंत्रिमंडळाने ते मानले नाही, तेव्हा त्याने ५ ऑक्टोबरला राजीनामा दिला. गंमत अशी, की तीन महिन्यांनी, जानेवारी १७६२ मध्ये, इंग्लंडला स्पेनशी युद्ध पुकारावेच लागले.

पण तहाचा धागा तुटला नव्हता. तरुण राजा तिसरा जॉर्ज आणि त्याचा विश्वासू मंत्री लॉर्ड ब्यूट यांना युद्ध संपवायचे होते. उघड बोलायची मात्र सोय नव्हती. लंडनचे व्यापारी आणि पिटचे चाहते ओरड करतील ही भीती. अशा वेळी उपयोगी पडले सार्डिनियाच्या राजाचे दोन वकील. लंडनला काउंट व्हिरी, पॅरिसला सोलार. सार्डिनिया या युद्धात तटस्थ होता. इंग्लंडचे म्हणणे व्हिरीने ऐकायचे, सोलारला लिहायचे. सोलारने ते श्वाझलच्या कानी घालायचे आणि उत्तर त्याच वाटेने परत यायचे. एखादी अट पसंत पडली नाही तर 'आम्ही असे बोललोच नव्हतो' म्हणायला दोघेही मोकळे. आपल्याकडची सोयरीक जुळवणारा मध्यस्थ नेमके हेच काम करतो!

या पत्रांतून खरा घोळ चालला तो आजच्या वाचकाला विचित्र वाटेल अशा प्रश्नांवर. इंग्लंडने कॅनडा ठेवावा की ग्वादलूप? एकीकडे अर्धे खंड, दुसरीकडे वेस्ट इंडीजमधले नकाशावर मुश्किलीने दिसणारे बेट. पण ग्वादलूपमध्ये साखर होत होती, गुलामांच्या श्रमावर पिकणारी, आणि साखर म्हणजे रोकड. कॅनडात होती लोकरी कातडी आणि बर्फ. या वादावर लंडनमध्ये पत्रकांचा पाऊस पडला. विजेवरील प्रयोगांमुळे आपल्याला माहीत असलेले बेंजामिन फ्रँक्लिन तेव्हा लंडनमध्ये होते. त्यांनीही १७६० मध्ये एक पुस्तिका लिहून कॅनडाची बाजू घेतली. शेवटी कॅनडा ठेवला, ग्वादलूप परत केले. त्यात इंग्रज मळेवाल्यांचा स्वार्थही होता. आणखी एका बेटाची साखर इंग्लंडच्या बाजारात आली असती, तर त्यांच्या साखरेचा भाव पडला असता.

दुसरा अडलेला मुद्दा होता माशांचा. न्यूफाउंडलंडच्या समुद्रातील कॉड मासेमारीचा हक्क सोडायला श्वाझल कोणत्याही परिस्थितीत तयार नव्हता. कॅनडा गेला तरी चालेल, मासेमारी नको जायला. कारण साधे आहे. दरवर्षी हजारो माणसे त्या खवळलेल्या समुद्रावर जाऊन पट्टीचे खलाशी बनून येत. आरमाराला माणसे पुरवणारी ही शाळाच होती. पिटचा तहाला विरोध होता तोही मुख्यतः याच मुद्द्यावर. शत्रूची शाळा का चालू ठेवता, हा त्याचा सवाल होता. अखेरीस फ्रान्सला मासेमारीचा हक्क आणि कोळ्यांच्या आसऱ्यासाठी सेंट पिएर व मिकेलाँ ही दोन चिमुकली बेटे मिळाली. ती आजही फ्रान्सची आहेत.

सप्टेंबर १७६२ मध्ये उघड वकील निघाले. बेडफर्डचा ड्यूक पॅरिसला, निव्हेर्नेचा ड्यूक लंडनला. आता अडून बसला होता तो स्पेनचा राजदूत ग्रिमाल्दी. इंग्रजांचे आरमार क्यूबातील हवानावर गेले आहे, हे सगळ्यांना माहीत होते. हवाना पडणार नाही या भरवशावर त्याने चालढकल चालवली होती. आणि २९ सप्टेंबरला लंडनमध्ये बातमी थडकली : हवाना १३ ऑगस्टलाच शरण आले. सुमारे साडेसहा आठवडे सगळे जण पडलेल्या शहरावर, ते उभे आहे असे धरून, घासाघीस करत होते. एका जहाजाच्या येण्याने सौदा बदलला. हवाना परत हवे असेल तर फ्लॉरिडा द्या, असे इंग्लंड म्हणू लागले. स्पेनने फ्लॉरिडा दिला. आपल्यामुळे मित्राचे नुकसान झाले म्हणून फ्रान्सने मिसिसिपी नदीच्या पश्चिमेचा लुइझियाना, न्यू ऑर्लीन्ससकट, स्पेनला देऊन टाकला.

३ नोव्हेंबर १७६२ रोजी फाँतेनब्लो येथे प्राथमिक तहावर सह्या झाल्या आणि त्याच दिवशी लुइझियानाचे हे दानपत्रही गुपचूप झाले. इतके गुपचूप, की न्यू ऑर्लीन्सच्या फ्रेंच रहिवाशांना आपला राजा बदलल्याचे अधिकृतपणे कळले ते १७६४ च्या शरद ऋतूत. जवळजवळ दोन वर्षे ते स्वतःला फ्रान्सचे प्रजाजन समजत होते.

लंडनच्या पार्लमेंटात ९ डिसेंबरला चर्चा झाली. पिट संधिवाताने आजारी होता. त्याला आधार देऊन सभागृहात आणावे लागले. तो तीन तासांहून अधिक बोलला, मधूनमधून बसून. मते पडली तहाच्या बाजूने ३१९, विरुद्ध ६५.

आता आपण मुळाशी येऊ. आपल्याला ज्याची माहिती नाही त्या जगाबद्दल करार कसा लिहायचा? या मुत्सद्द्यांनी काही युक्त्या वापरल्या, आणि आम्हांला तरी त्या वैज्ञानिकाने मोजमापातली अनिश्चितता हाताळावी तशा वाटतात. प्राथमिक तहातच लिहिले आहे, की तहाला मान्यता मिळाल्यावर इंग्लिश खाडी व उत्तर समुद्रात बारा दिवसांनंतर पकडलेली जहाजे परत करावीत. कॅनरी बेटांपर्यंत ही मुदत सहा आठवडे, तिथून विषुववृत्तापर्यंत तीन महिने आणि विषुववृत्तापलीकडे सगळीकडे सहा महिने. बातमीचा वेग कायद्याने मान्य केल्यासारखेच हे झाले. मुलूख रिकामे करण्याच्या मुदतीही तशाच. बेल-ईल सहा आठवड्यांत, ग्वादलूप तीन महिन्यांत, हिंदुस्थानातील वखारी सहा महिन्यांत.

नकाशाचे अज्ञानही होतेच. अमेरिकेतील नवी सरहद्द ठरली मिसिसिपीच्या मधोमध, 'तिच्या उगमापासून'. तो उगम कोठे आहे हे सह्या करणाऱ्यांपैकी कोणालाही माहीत नव्हते. इटास्का सरोवर हा उगम म्हणून नक्की झाला तो १८३२ मध्ये, तहानंतर एकोणसत्तर वर्षांनी. ज्यांना ती नदी तळहातासारखी माहीत होती त्या तिथल्या मूळ रहिवाशांना कोणी बोलावलेच नव्हते. आपण कोणाशी हरलो नाही, मग फ्रान्सच्या राजाने आपली जमीन इंग्रजांना दिली कशी, असा त्यांचा प्रश्न होता. मे १७६३ मध्ये ओटावा जमातीचा पुढारी पाँटिअॅक याने डेट्रॉइटच्या इंग्रज ठाण्याला वेढा घातला आणि सरोवरांच्या प्रदेशात युद्ध पेटले.

या युक्त्यांतली सर्वांत व्यापक होती तेविसाव्या कलमाची. ज्या मुलखांचा उल्लेख या तहात नाही, पण जे कोणी कोठेही जिंकले असतील, ते सगळे बिनातक्रार आणि भरपाई न मागता परत करावेत. म्हणजे काय घडले आहे ते आम्हांला माहीत नाही, पण जे घडले असेल ते रद्द! हे कलम कोणाला लागू पडणार हेही सही करताना माहीत नव्हते. लागू पडले ते मनिलाला.

मनिलाची कथा तर या सगळ्याचा कळस आहे. लंडनने जानेवारी १७६२ मध्ये स्पेनशी युद्ध पुकारले. हुकूम मद्रासला पोचला आणि ऑगस्टच्या सुरुवातीला तिथून आरमार निघाले. त्यात कंपनीचे देशी शिपाईही होते. हे आरमार मनिलाच्या उपसागरात उभे राहिले तेव्हा तिथल्या कारभाऱ्याला, आर्चबिशप रोहो याला, स्पेनशी युद्ध सुरू झाल्याची अधिकृत बातमीच मिळालेली नव्हती. बातमीआधी शत्रू आला. ६ ऑक्टोबरला मनिला पडले. चारच आठवड्यांनी फाँतेनब्लोला सह्या झाल्या. कोणाच्या स्वप्नातही मनिला नव्हते. ही बातमी लंडनला पोचली एप्रिल १७६३ मध्ये, म्हणजे अंतिम तहही होऊन गेल्यावर. हवानाची बातमी वेळेवर आली म्हणून इंग्लंडला फ्लॉरिडा मिळाला. मनिलाची उशिरा आली म्हणून काहीच मिळाले नाही. १७६४ मध्ये इंग्रज तिथून निघाले. मद्रासच्या शिपायांपैकी काही जण परतलेच नाहीत. मनिलाजवळच्या काइंता गावात त्यांचे वंशज आहेत असे तिथले लोक सांगतात.

आता अकरावे कलम. त्यात फ्रेंचांना कोरोमंडल, मलबार व बंगालमधल्या वखारी परत दिल्या आहेत, पण कोणत्या? '१७४९ सालच्या आरंभी' ज्या होत्या त्या. हे साल मुद्दाम निवडलेले आहे. ऑगस्ट १७४९ मध्ये अंबूरची लढाई झाली आणि तिथून डुप्लेच्या भराभराटीला सुरुवात झाली. पाँडिचेरीभोवतालची गावे, मच्छलीपट्टण, पुढे उत्तर सरकार. नुसते साल लिहून ही सगळी कमाई पुसून टाकली. बंगालच्या सुभ्यात किल्ले बांधायचे नाहीत, फौज ठेवायची नाही, हेही कबूल करून घेतले. खुद्द डुप्ले त्याच वर्षी नोव्हेंबरात पॅरिसमध्ये हलाखीत वारला.

कलमातले आणखी काही शब्द महत्त्वाचे आहेत : वखारी 'आज आहेत त्या स्थितीत' परत करायच्या. १७६१ मध्ये पाँडिचेरी घेतल्यावर इंग्रजांनी ते शहर पाडून टाकले होते. तेव्हा परत करायचे होते ते ढिगारे. मुदत सहा महिन्यांची असली, तरी फ्रेंचांच्या हाती ते १७६५ मध्ये आले.

या ढिगाऱ्यांशी एका खगोलशास्त्रज्ञाचे नशीब बांधलेले होते. गियोम ल झाँती मार्च १७६० मध्ये फ्रान्सहून निघाला तो ६ जून १७६१ चे शुक्राचे अधिक्रमण पाँडिचेरीहून पाहण्यासाठी. पृथ्वीवरच्या दूरदूरच्या ठिकाणांहून या अधिक्रमणाच्या वेळा अचूक नोंदल्या, तर सूर्याचे अंतर काढता येते. मे १७६१ मध्ये त्याचे जहाज मलबार किनाऱ्याशी आले, तेव्हा कळले की माहे आणि पाँडिचेरी दोन्ही इंग्रजांकडे गेली आहेत. कप्तानाने जहाज फिरवले. अधिक्रमण ल झाँतीने भर समुद्रात, डुलणाऱ्या डेकवरून पाहिले. आकाश स्वच्छ होते, पण जहाजावर लंबकाचे घड्याळ नीट चालेना आणि आपण नेमके कोणत्या रेखांशावर आहोत हेही खात्रीने सांगता येईना. नोंदी निरुपयोगी ठरल्या. पुढचे अधिक्रमण १७६९ मध्ये होते. तो थांबला. १७६६ मध्ये तो मनिलाला गेला, जे तेविसाव्या कलमामुळे पुन्हा स्पॅनिश झाले होते. तिथल्या गव्हर्नराला त्याचा संशय येऊ लागला. म्हणून १७६८ मध्ये तो पाँडिचेरीला आला, जे अकराव्या कलमामुळे पुन्हा फ्रेंच झाले होते. जुन्या गव्हर्नराच्या वाड्याच्या अवशेषांवर त्याने वेधशाळा उभारली. मद्रासच्या इंग्रजांनी, कालच्या शत्रूंनी, त्याला एक उत्तम दुर्बीण वापरायला दिली. ४ जून १७६९ च्या पहाटे ढग आले आणि अधिक्रमण संपेपर्यंत राहिले. १७७१ मध्ये तो घरी पोचला तेव्हा त्याची पत्रे पोचलेलीच नव्हती आणि वारसांनी त्याला मृत धरून मालमत्तेला हात घातला होता.

आणि सलाबतजंग? त्याचे नाव कलमात आले ते, आमच्या मते, कागदावर समतोल दिसावा म्हणून आणि सोयीसाठीही. महंमद अली हा इंग्रजांचा माणूस. सलाबतजंगाला फ्रेंचांनी १७५१ मध्ये गादीवर बसवलेले. एक तुमचा, एक आमचा. शिवाय मच्छलीपट्टणचा मुलूख इंग्रजांना १७५९ मध्ये लिहून दिला होता तो सलाबतजंगानेच. तो कायदेशीर सुभेदार ठरला तर त्याची सनदही कायदेशीर ठरते. पण याचा परिणाम काय झाला? १० ऑगस्ट १७६३ रोजी गोदाकाठी राक्षसभुवनला माधवराव पेशव्यांनी निजाम अलीचा पराभव केला. पुढच्याच महिन्यात बीदरच्या कैदेत सलाबतजंगाचा अंत झाला. तहाची बातमी आल्यामुळे निजाम अलीने भावाला संपवले, असे काही जुन्या इंग्रज इतिहासकारांनी लिहिले आहे. नुकत्याच हरलेल्या राज्यकर्त्याला गादीचा दुसरा दावेदार जिवंत ठेवणे धोक्याचे वाटायला पॅरिसच्या कागदाची गरज नव्हती, असे आम्हांला वाटते. पण तो कागद सलाबतजंगाच्या उपयोगी पडला नाही, एवढे खरे.

महंमद अलीने मात्र त्याच कलमाचा पुरेपूर वापर केला. आपल्याला नबाब मानले आहे ते कंपनीने नव्हे, इंग्लंडच्या राजाने, असे तो मद्रासच्या कंपनी सरकारला सुनावू लागला. १७७० मध्ये राजाचा स्वतंत्र वकील म्हणून सर जॉन लिंडसे मद्रासला आला, तो या अकराव्या कलमाचा आधार घेऊनच. सलाबतजंग जाऊन तेव्हा सात वर्षे होत आली होती. कलमात तो अजून दक्षिणेचा सुभेदार होता.